एनक्लेक्सची तयारी ड्युटी सांभाळून कोणी केलीये? अनुभव टाका

कळंबची_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी बीएस्सी नर्सिंग, पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ आहे. एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळायची परीक्षा, द्यायचं ठरवलंय, परदेशी नर्सचे कागद तपासणाऱ्या सीजीएफएनएसची म्हणजे आता ज्याचं नाव ट्रूमेरिट झालंय त्यांची कागदपत्रं चालू आहेत आणि अभ्यास पण चालू केलाय, पण घोडं अडलंय. म्हणजे वाचलेलं येतं, पॅथो येतं, औषधं येतात, रोज व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळतो, एबीजी वाचतो, तरी क्वेश्चन बँक उघडली की स्कोअर पन्नासच्या पुढे सरकत नाही. बरं अवघड प्रश्न चुकला तर समजू शकते, माझे सोपे चुकतात. चारातले दोन ऑप्शन लगेच उडतात, उरलेले दोन्ही बरोबर वाटतात आणि मी नेमका नको तोच टिक करते.

केरळच्या मुलींचं बरं आहे, सीनियर आहेत, क्लास आहेत, घरात कोणीतरी आधीच बाहेर असतं, पहिल्या वर्षापासून सगळं ठाऊक असतं. आपल्याकडे विचारायला कोणी नाही. एकतर एजंट नाहीतर यूट्यूब. म्हणून धागा काढलाय. दिलेल्यांनी, देणाऱ्यांनी, नापास झालेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. मराठीतच लिहा प्लीज, इंग्रजी दिवसभर वाचतेच आहे.

मिरजेची_लेक
अगं सोपे चुकतात हे जवळपास आपल्या सगळ्यांचंच होतं आणि त्याचं कारण अभ्यासात नाहीये, आपल्या वॉर्डात आहे. मी मिरजेत शिकले, मग मुंबईत काम केलं, आता डॅलसला आहे, पास होऊन बरीच वर्षं झाली, इथल्या नव्या मुलींना अधूनमधून शिकवते म्हणून सांगते.

आपण काय करतो, पेशंट बिघडला की पहिला हात फोनकडे. आरएमओला सांग, सर आले की ते बघतील, ते म्हणतील ते इंजेक्शन भर. वाईट म्हणत नाही मी, तिथे सिस्टिमच तशी आहे, न विचारता ऑक्सिजन वाढवला तरी सकाळी राउंडला बोलणी खावी लागतात. पण एनक्लेक्सवाला धरून चालतो की या क्षणी खोलीत तू एकटी आहेस. डॉक्टरला कळवा हा ऑप्शन सारखा समोर येतो आणि आपला हात आपोआप तिकडे जातो. त्यांना बघायचं असतं फोन लावायच्या आधी तू काय पाहिलंस आणि काय केलंस.

आता लगेच 'असेसमेंट फर्स्ट' असं पाठ करून बसू नकोस, तो दुसरा खड्डा आहे. प्रश्नातच असेसमेंट दिलेलं असेल तर परत असेस करायला गेलीस की संपलं. ब्लड चालू आहे, पेशंटला थंडी वाजून ताप आलाय, कंबर दुखतेय म्हणतोय, तर व्हायटल्स नंतर, आधी ब्लड बंद. मॅगसल्फ चालू आहे, रेस्पिरेशन १०, नी जर्क येत नाहीये, आधी इन्फ्युजन बंद, मग फोन, मग कॅल्शियम ग्लुकोनेट. आणि एक गंमत सांगू का, एक्लॅम्प्शियाचे (गरोदरपणात बीपी वाढून झटके येणारे, ज्यांना हे मॅगसल्फ देतात) पेशंट आपल्या सरकारी लेबर रूमवाल्या मुलींनी जेवढे पाहिलेले असतात तेवढे इथल्या मुलींनी कॉलेजात पाहिलेले नसतात. फक्त आपल्या डोक्यात मॅगसल्फची प्रिचर्ड पद्धत बसलेली असते, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि इथे सगळं पंपावर. ते तेवढं बदलून घ्यायचं.

म्हणून प्रश्न वाचला की स्वतःला विचार, मला आत्ता पुरेसं माहीत आहे का? नसेल तर बघ. असेल तर कर. आणि करण्यासारखं जे होतं ते करून झालं असेल तर मगच फोन.

ब्रदर_नांदेडकर
मिरजेच्या ताई, हे कोणीतरी तिसऱ्या वर्षाला सांगायला पाहिजे होतं 😅 आम्हाला फक्त डेफिनिशन, कॉजेस, नर्सिंग मॅनेजमेंट दहा मार्काला. बेडसाइडला उभं करून "आता तू काय करशील" असं कोणी विचारलं असेल तर शपथ.

मी आधी नॉरसेटच्या, म्हणजे एम्सच्या नर्सभरती परीक्षेच्या, मागे होतो. एम्समध्ये ऐंशी-वीसचं गणित आहे ना, ऐंशी टक्के जागा मुलींना, उरलेल्या वीसमध्ये अख्ख्या भारतातले ब्रदर. डोकं फोडून झालं, आता इकडे वळलोय. नॉरसेटची सवय पण नडते, तिथे वनलायनर पाठ असलं की मार्क येतात, कुठल्या जीवनसत्त्वाने काय होतं वगैरे. इथे पाठांतर दहाव्या मिनिटाला संपतं.

रात्रपाळी
माझं घोडं डेलिगेशनमध्ये अडतं. आरएन (रजिस्टर्ड नर्स), एलपीएन, यूएपी. कोणाला काय काम द्यायचं. आपल्याकडे हे काही नसतंच, स्टाफ नर्सनेच सगळं करायचं, नाहीतर नातेवाइकांनी.

मिरजेची_लेक
@रात्रपाळी, यूएपी म्हणजे आपल्या मावशी आणि मामा समज. स्थिर पेशंटचं बीपी-टेंपरेचर, अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, लघवी मोजणं, चालवून आणणं. पण भरवायला ज्याला द्यायचं त्याला गिळता येतंय ना ही खात्री आधी तुझी, स्ट्रोकच्या पेशंटला पहिल्यांदा भरवायचं काम मावशींना दिलंस तर उत्तर चुकलं. एलपीएन म्हणजे साधारण आपल्या एएनएमपेक्षा जास्त आणि आरएनपेक्षा कमी, तिला स्थिर पेशंट, तोंडाची औषधं, ड्रेसिंग, कॅथेटर चालतं. पहिलं असेसमेंट, पेशंटला शिकवणं, डिस्चार्ज टीचिंग, आयव्ही पुश, ब्लड लावणं, अस्थिर पेशंट, हे सगळं आरएनचं. प्रत्यक्षात स्टेटप्रमाणे थोडं बदलतं पण परीक्षेला हे धरून चालायचं.

आणि ज्या पेशंटचं पुढे काय होईल सांगता येत नाही तो कोणालाच द्यायचा नाही, स्वतःकडे ठेवायचा.

अबोली_के
मावशींना काम सांगायचं म्हणजे आमच्याकडे आधी मावशींचा मूड बघावा लागतो, त्यावर प्रश्न येतो का 😂

कळंबची_सिस्टर
😂😂 तो 'प्रायॉरिटी' मध्ये येत असेल.

ताई तुम्ही सांगितलं ते डोक्यात ठेवून काल बसले होते, थोडा फरक वाटला. एक काम करू का, मी मला जमेल तसा एक प्रश्न बनवून टाकते, सगळ्यांनी उत्तर द्या, कारणासकट. क्वेश्चन बँकेतला उचलून टाकत नाही, ते नियमात बसत नाही.

सकाळी ओव्हर (आधीच्या पाळीकडून चार्ज) घेतलाय, चार पेशंट. पहिल्यांदा कोणाकडे जाल?
एक, सीओपीडीचे (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आजोबा, सॅच्युरेशन ९०.
दोन, काल अपेंडिक्स काढलेला मुलगा, दुखणं दहापैकी आठ, आई दारात उभी राहून ओरडतेय.
तीन, काल थायरॉइड काढलेली बाई, म्हणतेय ओठांना मुंग्या येतायत.
चार, हार्ट फेल्युअर, पायाला सूज, सकाळचं लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) द्यायचं राहिलंय.

रात्रपाळी
एक. ऑक्सिजन कमी आहे. एबीसी, म्हणजे आधी एअरवे, मग ब्रीदिंग, मग सर्क्युलेशन.

ब्रदर_नांदेडकर
चार, लॅसिक्स राहिलंय म्हणजे पाणी फुफ्फुसात जाईल. थांबा नाही. एक. नाही, चारच.

गोंयची_नर्स
दोन हो! त्या आईक आधी शांत करूंक जाय नाजाल्यार ती वयर एमएसकडे (मेडिकल सुपरिंटेंडंट) वतली 🙈

मिरजेची_लेक
तीन.

सीओपीडीवाल्या आजोबांचं ८८ ते ९२ हेच टार्गेट असतं, ९० म्हणजे ते त्यांच्या घरी बसलेत तसेच आहेत. उलट ऑक्सिजन दणकून वाढवला तर त्रास. अपेंडिक्सचं दुखणं खरं आहे, त्याला औषध मिळालंच पाहिजे, पण दुसऱ्या दिवशी दुखणारच. हार्ट फेल्युअरला पायाला सूज अपेक्षित आहे, त्याला दम लागतोय किंवा गुलाबी फेस येतोय असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी.

थायरॉइड काढताना शेजारच्या पॅराथायरॉइडला धक्का लागला असेल तर कॅल्शियम पडतं. ओठ आणि बोटांना मुंग्या ही पहिली खूण. पुढे टेटनी (स्नायू आखडणं), घसा आवळला जाणं, मग एअरवेच बंद. म्हणजे एबीसीनेच उत्तर काढलंस तरी तीन येतं, फक्त आत्ताचं नाही तर पुढचं एअरवे बघायचं. च्वॉस्टेक, ट्रूसो या कॅल्शियम पडल्याच्या खुणा बघ, कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेव.

गोंयच्या ताईंनी चेष्टेत लिहिलंय पण तेच खरं दुखणं आहे. आपल्याकडे जास्त आवाज करणाऱ्याकडे आधी जावं लागतं. ती बाई मुंग्या आल्या म्हणून हळू आवाजात एकदाच सांगते आणि गप्प पडून राहते. परीक्षेत तीच बाई परत परत येते, वेगवेगळ्या नावाने.

जुनी_मेट्रन
मी निवृत्त आहे, मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहिते. प्रश्न चांगला आहे. आमच्या वेळी असल्या परीक्षा नव्हत्या, पण थायरॉइडच्या पेशंटच्या उशाशी ट्रेकिऑस्टॉमी सेट ठेवल्याशिवाय मी स्टाफला खाली जाऊ देत नसे. तेव्हा आपल्याकडे हे शिकवलं जात नाही असं सरसकट म्हणू नका. शिकवणारे होते आणि आहेत. एका स्टाफमागे तीस-चाळीस पेशंट दिल्यावर ते टिकत नाही, हे दुखणं वेगळं.

मुलीची प्रॅक्टिस बघताना मला एक मात्र पटलं नाही. पेशंट म्हणते मला भीती वाटते, तर "काही होत नाही, सगळं ठीक होईल" हे उत्तर चूक! चाळीस वर्षं मी हेच म्हणत आले. आजीबाईंच्या डोक्यावरून हात फिरवून दुसरं काय म्हणायचं असतं?

मिरजेची_लेक
मेट्रनबाई नमस्कार, तुमचं ट्रेकिऑस्टॉमी सेटचं वाचून आमच्या सिस्टर-इन-चार्ज आठवल्या, त्यांचाही तोच दंडक होता. सरसकट म्हणायला नको होतं, मान्य.

ठीक होईल याबद्दल इथलं म्हणणं असं, की ठीक होईल हे तुला माहीत नाही, आणि तू असं म्हटलंस की पेशंट पुढचं बोलायचा बंद होतो. त्यापेक्षा "कशाची भीती वाटतेय ते सांगा" म्हणायचं आणि बसायचं. 'का' ने सुरू होणारे प्रश्न पण नकोत, पेशंटला जाब विचारल्यासारखा वाटतो. खरं सांगू का बाई, इथे मराठी किंवा गुजराती आज्जी ॲडमिट असली की मी दोन्ही करते. आधी विचारते, ऐकते, आणि जाताना पांघरूण नीट करून म्हणते, काळजी करू नका. त्याचे मार्क कोणी कापत नाही.

जुनी_मेट्रन
मग ठीक आहे.

सीटी_स्कॅन
परीक्षेच्या मेकॅनिझमबद्दल बऱ्याच अफवा फिरतात म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

कॉम्प्युटर ॲडॅप्टिव्ह आहे, १९९४ पासून. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा जड, चुकलं की थोडा हलका. एप्रिल २०२३ पासून नेक्स्ट जनरेशन फॉरमॅट आला, तेव्हापासून कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, त्यातच ब्रेक. त्यातले १५ प्रश्न मोजले जात नाहीत, ते भविष्यासाठी चाचपणीचे असतात, कुठले ते कळत नाही. तीन केस स्टडी सगळ्यांना, प्रत्येकीत सहा प्रश्न. एकच पेशंट, नोट्स, लॅब, ऑर्डर असे टॅब, आणि प्रश्न ठरलेल्या क्रमाने सरकतात, काय खटकलं, त्याचा अर्थ काय, सगळ्यात मोठा धोका कुठला, काय काय करता येईल, काय कराल, आणि केल्यावर बरं झालं का. त्याशिवाय बो-टाय म्हणून एक प्रकार आहे, मध्ये आजार, एका बाजूला दोन कृती, दुसऱ्या बाजूला दोन गोष्टी ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं.

८५ ला मशीन बंद पडलं म्हणजे पास, ही अफवा. मशीनला ९५ टक्के खात्री झाली की ते थांबतं, ती खात्री पासची असते किंवा नापासची. १५० पर्यंत गेलात म्हणजे तुम्ही रेषेच्या आसपास आहात आणि शेवटपर्यंत लढाई चालू आहे, त्यामुळे शंभरीनंतर हातपाय गाळायचे नाहीत. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. सिलेक्ट ऑलमध्ये (लागू असतील ते सगळे पर्याय निवडा) पूर्वी सगळे बरोबर आले तरच मार्क होते, आता थोडे बरोबर असले तरी मिळतात, पण चुकीचा टिक केला की वजा होतो, शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे सहाच्या सहा टिक करून टाकायची आयडिया चालत नाही, ब्रदर_नांदेडकर ऐकताय ना.

ब्रदर_नांदेडकर
ऐकतोय 🙏 टिक काढतोय.

अबोली_के
माझी वेगळीच कथा. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), सांगली जिल्हा. अभ्यासाचं बघू नंतर, माझे कागदच हलत नाहीयेत. ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे लागतात, मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक, सगळे. माझ्या कॉलेजने दिलेल्या कागदावर नुसते मार्क. क्लार्क म्हणतात असा फॉरमॅट आमच्याकडे नाही. मानसिकचं पोस्टिंग आम्ही दुसऱ्या शहरात जाऊन केलेलं, त्याची नोंदच सापडेना. त्यात आधीच्या हॉस्पिटलने बाँडसाठी ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतली होती, ती सोडवायला वेगळी वारी.

आणि नाव! दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर लग्नाआधीचं. पासपोर्ट लग्नानंतर काढला, त्यावर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. आता मी कोण?

सीटी_स्कॅन
पासपोर्टवर जे आहे ते तुम्ही. परीक्षेच्या दिवशी पासपोर्टच ओळखपत्र म्हणून लागतो आणि एटीटीवरचं (परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं) नाव त्याच्याशी जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात, फी गेली. त्यामुळे रजिस्ट्रेशन करतानाच पासपोर्टप्रमाणे नाव भरा, पहिलं नाव आणि आडनावाचा रकाना बघून. जुन्या कागदांसाठी मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट. महाराष्ट्रात गॅझेट ऑनलाइन होतं, ते आधी करून ठेवा, मग कौन्सिलमध्ये नाव बदला, मग पुढचं. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी परत फिराल.

मिरजेची_लेक
तासांचं असं कर, कॉलेजला रिकामा फॉर्म देऊन "भरा" म्हणू नकोस. तुझ्या बॅचचा सिलॅबस काढ, त्यात तास छापलेले असतात, तुझं क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड काढ, आणि सगळं भरून टाइप करून प्राचार्यांपुढे ठेव, ते मूळ नोंदीशी ताडून सही करतील. बीएस्सीवाल्यांना नाशिकला विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, तुम्हाला जीएनएमच्या बोर्डाचं. लिफाफा बंद, शिक्का वरून, आणि तो थेट संस्थेकडून गेला पाहिजे, तुझ्या हातून नाही.

आणि सगळ्यांनाच सांगते, कागद पूर्ण व्हायची वाट बघत अभ्यास थांबवू नका आणि अभ्यास होईपर्यंत कागद थांबवू नका. एटीटी एकदा आलं की साधारण नव्वद दिवसांत परीक्षा द्यावी लागते, मुदत वाढवून मिळत नाही. पुष्कळ जणी लायसन्ससाठी न्यूयॉर्क स्टेटकडे अर्ज करतात कारण तिथे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी चालतं. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर सेंटर घेतलं की वर १५० डॉलर आणि टॅक्स. बोर्डाची आणि कागद तपासणीची फी वेगळी. स्टाफ नर्सच्या पगारात हे मोठं प्रकरण आहे, त्यामुळे "एकदा बसून बघते कसं असतं" हे करू नका. नापास झालं तर किमान ४५ दिवस थांबून परत देता येते आणि कुठल्या भागात कमी पडलात त्याचा रिपोर्ट येतो, पण फी परत पूर्ण.

एनक्लेक्स_विजेता२०२५
फ्रेंड्स माझ्याकडे लेटेस्ट रिकॉल आहेत, मागच्या महिन्यात आलेले प्रश्न, टेलिग्रामवर मेसेज करा, रिझनेबल रेट

सीटी_स्कॅन
कोणीही मेसेज करू नका. परीक्षेआधी गुप्ततेच्या अटी मान्य कराव्या लागतात, प्रश्न बाहेर सांगणं आणि विकत घेणं दोन्हीने निकाल रद्द होऊ शकतो. बरं प्रश्नांचा साठा एवढा मोठा आणि ॲडॅप्टिव्ह, त्या पीडीएफचा उपयोग शून्य. ॲडमिन, हा आयडी उडवा.

कळंबची_सिस्टर
रिपोर्ट केलंय. मला पण असा एकजण आला होता, आधी ताई ताई करत होता, मग पैसे मागितले.

आता खरं विचारायचं होतं ते विचारते. घरी बाबा म्हणतात पास झालीस की कधी जाणार. एजंट म्हणतो दीड-दोन वर्षात. खरं काय आहे?

मिरजेची_लेक
एजंट खोटं बोलतोय, किंवा फिलिपिन्सच्या मुलींचं तुला सांगतोय.

नर्सना ग्रीन कार्ड ईबी-३ या नोकरीवाल्या गटातून मिळतं आणि त्याची रांग जन्माच्या देशाप्रमाणे असते. भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, फुकट आहे, तूच उघडून बघ आणि बाबांना दाखव. मी इथे आले ती नर्स म्हणून नाही, आयटीवाल्या नवऱ्यामागे बायकोच्या एच-४ व्हिसावर आले, कामाची परवानगी मिळायला बरीच वर्षं गेली, तोवर लायसन्स हातात आणि मी घरात भाकऱ्या भाजतेय. अशा आपल्या मराठी मुली न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया, सगळीकडे आहेत. त्यांनी तरी नवऱ्याच्या आय-१४० चं (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरायच्या अर्जाचं) बघत बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात एनक्लेक्स उरकून घ्यावी.

एक अपवाद. रांग जन्माच्या देशाची, पासपोर्टची नाही. आईवडील गल्फमध्ये असताना मस्कत किंवा कुवेतला जन्म झाला असेल तर भारताच्या रांगेत नाही. नवरा किंवा बायको तिकडे जन्मलेली असली तरी त्यांच्या देशाची रांग धरता येते.

गोंयची_नर्स
आमच्याकडे गोव्यात असे पुष्कळ सापडतील, अर्धा गाव कुवेतला जन्मलेला 😄 मी यूकेला आले, इथलं वेगळं. सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, त्यात पंधरा प्रश्न नुसते हिशोबाचे आणि शंभर क्लिनिकल, मग इथे येऊन ऑस्की म्हणजे प्रात्यक्षिक, दहा स्टेशन. सीबीटी एनक्लेक्सपुढे काहीच नाही असं दोन्ही दिलेल्या मुली सांगतात. पण ऑस्कीत आमच्यासारख्या जुन्या नर्सची पण भंबेरी उडते, हात कसे धुतले ते सुद्धा बघतात.

सायली_ॲडलेड
मग एनक्लेक्स वाया जाते असं नाही हं. भारतातून बीएस्सी केलेल्यांना ऑस्ट्रेलियात सहसा हीच परीक्षा द्यावी लागते, २०२० पासून, आणि त्यानंतर ॲडलेडला ऑस्की. कॅनडात २०१५ पासून एनक्लेक्सच आहे. मी अमेरिकेसाठी म्हणून अभ्यास सुरू केला होता, रांग बघितली आणि इकडे वळले. परीक्षा तीच, अर्ज वेगळा, त्यामुळे अर्ज करायच्या आधी देश ठरवा. इंग्रजीची अट पण वेगळी, अमेरिकेच्या व्हिसास्क्रीनला (नर्सना व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र) आयएल्ट्स एकूण साडेसहा आणि स्पीकिंगला सात लागतात, इथे जास्त मागतात.

शब्दकोडं
जर्मनीचं कोणी बघतंय का? २०२४ ला महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्गशी करार केला त्यात नर्सिंग पण होतं. एनक्लेक्सची भानगडच नाही.

ब्रदर_नांदेडकर
भानगड नाही कशी, बी-टू पर्यंत जर्मन शिकावं लागतं. माझा रूममेट शिकतोय, रात्री झोपेत डेर डी दास करतो. वर तिथे मान्यतेसाठी कोर्स किंवा परीक्षा आहेच. धागा भरकटवू नका राव, वेगळा काढा.

जुनी_मेट्रन
सगळ्या जायचंच ठरवून बसल्यात. जा बाळांनो, मी अडवणारी कोण. कंत्राटी पदावर वर्षानुवर्षं ठेवून वर अनुभव मागणाऱ्यांना सांगायला हवं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. फक्त इथल्या वॉर्डात रात्री कोण राहणार एवढं मला कोणी सांगा.

रात्रपाळी
बाई सध्या तरी मीच आहे. एका बाजूला मॉनिटर आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलवर प्रश्न. इन-चार्जनी बघितलं तर दोन्ही जाणार.

ताई, ड्युटीत अभ्यास कसा बसवायचा ते पण सांगा ना. नाइटनंतर डोळे उघडत नाहीत.

मिरजेची_लेक
नाइटनंतर अभ्यास करूच नकोस, झोप. नाइट ऑफला बस. थोडेच प्रश्न कर पण प्रत्येकाचं स्पष्टीकरण पूर्ण वाच, बरोबर आलेल्याचं सुद्धा, कारण पुष्कळदा उत्तर बरोबर असतं आणि कारण चुकीचं. शेवटच्या काही आठवड्यांत मात्र सुट्टी घेता आली तर घे आणि एका बैठकीत लांबलचक पेपर सोडवायची सवय कर.

ड्युटीवरचा अभ्यास म्हणजे पुस्तक लपवून वाचणं नाही. ओव्हर घेतलास की मनात ठरव, आत्ता पहिल्यांदा कोणाकडे जाणार आणि का. रोज. कोणाला कळणार पण नाही. औषध भरताना अमेरिकन नाव आठव, पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन तिथे एपिनेफ्रिन. इन्सुलिन तिकडे यू-१००, आपल्याकडे चाळीसची व्हायल अजून चालते, सिरिंज वेगळी, ते डोक्यात घोळू देऊ नकोस. टीबीचा पेशंट जनरल वॉर्डात खिडकीशी बघायची सवय असेल तर आठव की परीक्षेत टीबी, गोवर, कांजिण्या तिघांनाही निगेटिव्ह प्रेशरची खोली, आणि टीबीवाल्याच्या खोलीत जाताना तुला एन-९५.

कळंबची_सिस्टर
सगळ्यांचे आभार. बाबांना बुलेटिन दाखवलं, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले ऑस्ट्रेलियाचं विचार. सायली, तुला व्यनि केलाय.

मुंबई सेंटरला गेलेलं कोणी आहे का? काय न्यायचं?

सीटी_स्कॅन
फक्त पासपोर्ट. अर्धा तास आधी पोचा, पण आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा, सकाळी एक्सप्रेसवेच्या भरवशावर निघू नका. तळहाताचं स्कॅन, फोटो, सही. घड्याळ, पर्स, खाऊ सगळं लॉकरमध्ये. पुसता येणारा बोर्ड आणि पेन तेच देतात, कॅल्क्युलेटर स्क्रीनवर असतो. दोन तासांनी ब्रेक विचारतात, घ्या, खा, वेळ त्यातूनच जातो पण डोकं चालायला हवं. बऱ्याच स्टेट बोर्डांना ४८ तासांनी थोडे पैसे भरून अनधिकृत निकाल बघता येतो. परत रजिस्ट्रेशन करून पॉप-अप बघायची जी युक्ती फिरते तिच्यावर झोप घालवू नका.

ब्रदर_नांदेडकर
हिशोबाचा एक टाकतो, सोपा आहे, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून. १००० मिली आठ तासांत, सेट १५ थेंबांचा. मिनिटाला किती?

रात्रपाळी
४२. आमच्याकडे सगळे सेट वीसचे.

मिरजेची_लेक
प्रश्नात १५ लिहिलंय ना. तुमच्या वॉर्डातला सेट आणू नकोस.

रात्रपाळी
हो हो. १५ हजार भागिले ४८०. सव्वाएकतीस. ३१.

ब्रदर_नांदेडकर
बरोबर. आता कळंबच्या सिस्टरनी टाका पुढचा, प्रायॉरिटीचा, पण आई ओरडणारी नको.